एका उखळांत दोन मुसळें

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. माझा हा प्रवास पनवेलीहून ओव्यापर्यंतचा. आगगाडी, मेट्रो व रिक्षा अशीं तीन वाहनें बदलूनही दोन घटकांत संपणारा. परंतु सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यांत ज्या थोड्या प्रवासांनीं मला कांहीं शिकविलें, त्यांत याची गणना मी करितों. शिकविणारा माझाच एक जुना विद्यार्थी निघाला व शिकण्याची पाळी माझ्यावर आली, म्हणून तो सांगण्यासारखा वाटतो.

प्रवासाचें कारण सुखाचें नव्हतें. गेल्या वैशाखांत नेरुळास एका आप्ताकडे मुंज होती. ती आटोपून रात्रीं नऊच्या सुमारास आम्ही शीव-पनवेल महामार्गानें परत येत होतों. मुलगा गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारीं; मागें सूनबाई, पांच वर्षांचा नातू आणि आमचें कुटुंब. खारघर मागें पडतें न पडतें तोंच बॉनेटखालून ‘खट्’ असा बारीक आवाज आला व इंजिन बंद पडलें. धूर नाहीं, वास नाहीं, पूर्वसूचना म्हणून कांहीं नाहीं. स्टिअरिंग एकाएकीं जड झालें. आम्ही मधल्या रांगेंत होतों आणि पाठीमागून एक टँकर येत होता. त्याच्या दिव्यांचा उजेड आमच्या गाडीच्या आंत पसरला तो क्षण मी अजून विसरलों नाहीं. मुलानें उरल्यासुरल्या वेगावर गाडी कशीबशी डावीकडे घेतली; टँकर भोंगा वाजवीत बाजूनें निघून गेला. नातू झोपेंत होता, तो जागाही झाला नाहीं. सूनबाईंनीं मात्र त्याला जें छातीशीं धरलें, तें घरीं पोंचेपर्यंत सोडलें नाहीं.

गाडी कडेला उभी राहिल्यावर मुलानें स्टार्टर मारला. इंजिन फिरलें, पण नेहमींपेक्षां हलकें व भराभर फिरलें. जणूं त्याला आंत कांहीं कामच उरलें नव्हतें. “आणखी एकदां मार,” मी म्हणालों. त्यानें मारला. “पुन्हां एकदां,” मी म्हणालों. वाचकांनीं हे माझे शब्द लक्षांत ठेवावे. पुढें त्यांचा हिशेब यावयाचा आहे. शेवटीं टोइंगची गाडी आली व आमची गाडी ओढून ओव्यास एका गॅरेजांत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीं मुलास कचेरींतून रजा मिळेना, म्हणून गाडीची विचारपूस करण्यास मी निघालों.

पनवेलीच्या माणसानें चाकाविषयीं अज्ञान दाखवावें हें खरें म्हणजे शोभत नाहीं. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला आणि देश व कोंकण यांच्यामधील बैलगाड्यांची रहदारी पनवेलीवरून वाहूं लागली. पुढें एकोणिसाव्या शतकांतील सरकारी गॅझेटियरांनीं पनवेलीच्या गाडीच्या चाकांचा मुद्दाम उल्लेख केला. देशावरचा शेतकरी येथें आला म्हणजे चाकांची एक जोडी घेऊन परत जाई. तुंबा, आरे, वर लोखंडी धाव. सर्व काम डोळ्यांसमोर व हाताला लागणारें. कण्याच्या टोकाची लहानशी खीळ निसटली तर चाक निखळून पडे. म्हणून गाडीवान प्रत्येक मुक्कामाला आधीं ती खीळ चांचपून पाही, वंगण घाली आणि मगच भाकर सोडी. ही पनवेलीची जुनी विद्या. आगगाडीच्या खिडकींत बसून खांदेश्वर, मानसरोवर, खारघर हीं स्थानकें मागें जातांना मी पाहत होतों आणि मनांत म्हणत होतों कीं आमच्या गाडीची अशी कोणती खीळ निसटली, जी आम्हांला चांचपतां आली नाहीं?

बेलापुरास उतरून मेट्रो धरली. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं सुरू झाली. बेलापूर ते पेंधर अकरा किलोमीटर, स्थानकें अकरा. उंचावरून डावीकडे खारघरचा डोंगर दिसतो. पावसाळ्यांत याच डोंगरावरून पांडवकड्याचा प्रपात शंभर मीटरांहून अधिक खोल कोसळतो. वैशाखांत मात्र कडा कोरडा, करपलेला होता. पेठपाडा स्थानकावर उतरून रिक्षा केली व ओव्यास आलों.

ओवें हें नांव ऐकलें म्हणजे माझ्यासारख्यास जात्यावरच्या ओव्या आठवतात. व्युत्पत्तीचा दावा मी करीत नाहीं. ती केवळ कानाची आठवण. एके काळीं येथें भातखाचरें होतीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठीं पंचाण्णव गांवांच्या जमिनी घ्यावयाचें ठरलें आणि खाचरांच्या जागीं हळूहळू वसाहती उठल्या. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं या भूमिपुत्रांनीं जें आंदोलन केलें, त्यांत पांच माणसें गोळीबारांत गेलीं. पुढें विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकांस देण्याची योजना आली ती त्या लढ्याचें फळ. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली व ओवेंही तिच्या हद्दींत आलें. आज गांवाच्या एका अंगाला उंच इमारती आहेत, दुसऱ्या अंगाला जुनी वस्ती. आणि दोहोंच्या मधल्या रस्त्याला टायरवाले, पंक्चरवाले व गॅरेजवाले.

गॅरेजांत शिरलों तों एक चाळिशी ओलांडलेला गृहस्थ हात पुसत पुढें आला आणि वांकून म्हणाला, “सर, ओळखलंत का?” मीं ओळखलें. दहावीला संस्कृतांत काठावर निघालेला हा मुलगा. “तुझ्या हातांत रूपावली टिकत नाहीं, पाना टिकेल,” असें मी एकदां भर वर्गांत त्याला म्हणालों होतों. बोलणें उपहासाचें होतें. तें खरें ठरलेलें पाहतांना उपहासाची धार माझ्याकडेच वळली. वडिलांची शेती याच शिवारांत होती. ती गेली, मग आय. टी. आय. चे दोन वर्षांचे शिक्षण घेऊन त्यानें हा धंदा धरला, असें त्यानें चहा सांगतां सांगतां सांगितलें.

मग त्यानें मला गाडीपाशीं नेलें. इंजिनाच्या बाजूचें झांकण काढलेलें होतें. आंतून त्यानें रबराचा एक काळा, दांतेरी पट्टा बाहेर काढून माझ्या हातांत दिला. “हाच तो, सर. टायमिंग बेल्ट.” पाठीकडून तो पट्टा जवळजवळ नवा दिसत होता. मीं उलटून पाहिला तेव्हां वीतभर लांबीचे दांते मुळापासून सोलून निघालेले दिसले, आणि उरलेल्या दांत्यांच्या बुडाशीं केसासारख्या चिरा.

या पट्ट्याचें काम काय, हें त्यानें मला ज्या रीतीनें समजाविलें त्याच रीतीनें मी सांगतों. इंजिनांत पिस्टन वरखालीं होतो व खालचा क्रँक फिरवितो. पिस्टनच्या माथ्यावर, हेडमध्यें, व्हॉल्व्ह म्हणजे लहान झडपा असतात. कांहीं हवा आंत घेतात, कांहीं जळका धूर बाहेर सोडतात. त्या झडपा उघडणारा कॅमचा दांडा वरच्या बाजूस असतो. क्रँक दोन वेळां फिरला कीं कॅम बरोबर एकदां फिरला पाहिजे. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दांते. या दोहोंना बांधून ठेवणारा तो टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असतें तेव्हां प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळां उघडतो व मिटतो, आणि त्यांत एक दांताही चुकून चालत नाहीं.

“पण पट्टा तुटला तर इंजिन बंद पडावं, मोडावं कशाला?” मीं विचारलें.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “सर, आमची आजी आणि चुलती एकाच उखळात पोहे कांडायच्या. तसं आहे हे.”

वाचकहो, कित्येक वर्षांत मीं इतका नेमका दृष्टांत ऐकला नव्हता. लहानपणीं आमच्याही घरीं दोन बायका समोरासमोर उभ्या राहून एका उखळांत दोन मुसळें चालवीत. एकीचें वर जाई तेव्हां दुसरीचें खालीं येई. उखळ एकच, जागा एकच. फक्त वेळ वेगळी. तोंडानें गाणें चाले व त्याच्या ठेक्यावर हात चालत. एखादीचा ठेका चुकला कीं मुसळावर मुसळ आदळे आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या येत. पिस्टन आणि व्हॉल्व्ह हीं तींच दोन मुसळें. पिस्टन अगदीं वर येतो तेव्हां त्याच्या व हेडच्या मधील अंतर फार थोडें असतें. व्हॉल्व्ह उघडतांना आठ-दहा मिलिमीटर त्याच पोकळींत उतरतो. पट्टा हें तें गाणें. गाणें तुटलें कीं कॅम जागच्या जागीं थांबतो, कांहीं व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि क्रँक तर फिरतच असतो. कारण गाडी गिअरमध्यें असली तर इंजिन बंद पडलें तरी पळतीं चाकें त्याला फिरवीत राहतात. मग पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो.

त्यानें हेड काढून ठेवलें होतें. सोळांपैकीं आठ व्हॉल्व्ह वांकले होते. पिस्टनच्या माथ्यांवर चंद्रकोरीसारखे वण उठले होते. हेड लेथवाल्याकडे पाठवावयाचें, व्हॉल्व्ह नवे, गॅस्केट नवें, पट्टा, त्याला ताण देणारा टेन्शनर व पुली नवी, पाझरूं लागलेला वॉटर पंपही नवा. एकंदर खर्च चौसष्ट हजार.

सर्वच इंजिनांत असा संहार होत नाहीं. कांहींची रचना अशी असते कीं ठेका चुकला तरी मुसळें एकमेकांस पोंचत नाहींत. तेथें नवा पट्टा घातला कीं गाडी पुन्हां चालते. परंतु डिझेलच्या इंजिनांत हवा सोळा-अठरा पट दाबावी लागते, म्हणून पिस्टनच्या माथ्यावर मोकळी जागा जवळजवळ नसतेच. आणि पेट्रोलच्या अनेक नव्या इंजिनांतही काटकसरीसाठीं तीच दाटी केलेली असते.

या पट्ट्याचें कुळही मोठें गमतीचें आहे. दांतेरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठीं झालाच नाहीं. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत तो निघाला तो शिवणयंत्रासाठीं. वरची सुई व खालची बॉबिन यांचा मेळ चुकूं नये म्हणून. ज्या घरांत आई-आजीनें शिवणयंत्र चालविलें आहे, त्यांना या मेळाचें महत्त्व सांगावयास नको. मोटारीच्या कारखान्यानें तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला तो १९६२ सालीं, बव्हेरियांतील ग्लास या लहानशा कारखान्याच्या गाडींत. १९६६ त इटलीच्या फियाटनें आपल्या दुहेरी कॅमच्या इंजिनांत घेतला. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यांत होणाऱ्या पद्मिनीचा कॅम खालीं, क्रँकच्या जवळ असे व त्यांना एक आंखूड साखळी जोडीत असे. वरच्या झडपा लांब काठ्यांनीं हलत. पुढें कॅम हेडवर गेला, दोहोंतलें अंतर वाढलें, आणि तें सांधण्यास रबराचा लांब पट्टा स्वस्त, हलका व शांत म्हणून पुढें आला. १९८३ च्या मारुति ८०० मध्यें तो होता. १९९८ त पुण्याच्या कारखान्यांतून आलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनांतही होता.

“मग साखळीच बरी नाही का?” मीं विचारलें. रांजणगांवच्या कारखान्यांत झालेल्या तेराशें सी. सी. च्या डिझेल इंजिनांत साखळीच होती, असें त्यानें सांगितलें. “पण सर, साखळी तेलावर जगते. तेल वेळेवर बदललं नाही की तिच्या पिना झिजतात, ती लांबते, टेन्शनर दमतो, आणि मग तीही दात सोडते. फरक एवढाच की साखळी आधी ओरडते. सकाळी गार इंजिन चालू करताना खडखड ऐकू येते. बेल्ट बोलत नाही.” अलीकडे कांहीं इंजिनांत पट्टा तेलांतच बुडवून ठेवितात, तेथें चुकीचें किंवा जुनें तेल पट्ट्याला मऊ करितें, आणि त्याचे कण तेलाची गाळणी बुजवितात, ही आणखी एक जोखीम. विजेच्या गाड्यांना मात्र व्हॉल्व्ह नाहींत, म्हणून हा पट्टाही नाहीं.

एवढें ऐकून झाल्यावर मीं तो प्रश्न विचारला, जो विचारण्याची मला भीति वाटत होती. “अरे, पण गाडी तर फक्त त्रेचाळीस हजार किलोमीटर चाललेली. पुस्तिकेत नव्वद हजार लिहिलं आहे.”

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वीं सर्व्हिसिंगच्या वेळीं मुलास कोणी सुचविलें होतें कीं पट्टा बदलून घ्या, अकरा हजार लागतील. तो मला विचारावयास आला. मीं चष्मा लावून गाडीची पुस्तिका उघडली, नव्वद हजार हा आंकडा वाचला आणि निर्णय दिला: “अजून अर्धंही अंतर झालेलं नाही. उगाच खर्च कशाला?” मुलगा आज्ञाधारक; त्यानें ऐकलें.

विद्यार्थ्यानें गाडीच्या कप्प्यांतून तीच पुस्तिका आणली, तेंच पान उघडलें व बोट ठेवलें. “नव्वद हजार किलोमीटर किंवा सहा वर्षें, यांपैकीं जें आधीं होईल तें,” असें तेथें लिहिलेलें होतें. गाडीला नऊ वर्षें झालीं होतीं.

तो हळू आवाजांत म्हणाला, “सर, तुम्हीच शिकवलं होतं. ‘च’ म्हणजे आणि, ‘वा’ म्हणजे किंवा. मी पेपरात चुकलो होतो.”

त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. तो खरोखरच आठवण सांगत होता. मला मात्र उत्तर सुचलें नाहीं. तीस वर्षें मुलांना विकल्प व समुच्चय यांतील भेद शिकविला, आणि ज्या वाक्यावर घरांतल्या चौघांचे प्राण अवलंबून होते, त्यांतला ‘किंवा’ मीं पाहिला नाहीं. पाहिला नाहीं असें तरी कसें म्हणूं? अकरा हजार वांचविण्याची इच्छा आधीं होती. डोळ्यांनीं तिच्या सोयीचें तेवढेंच वाचलें.

“अंतर गाडी कापते, वर्षं रबर मोजतं,” तो पुढें म्हणाला. गाडी उभी असली तरी उन्हाळ्याची धग, इंजिनाची ऊब, तेलाचा अंश यांनीं रबर कडक होतें व चिरा पडतात. थोडी चालणारी गाडी म्हणून पट्टा तरुण राहत नाहीं. स्थालीपुलाकन्यायानें भाताचें एक शीत चेपून सारा भात कळतो. पण पट्टा वरून पाहून त्याचें अंतरंग कळत नाहीं. म्हणून वर्षांचा हिशेबच मानावा लागतो.

“आणि स्टार्टर पुन्हा मारला त्यानं काही?” मीं विचारलें.

तो जरा घुटमळला. “आधी किती वाकले आणि नंतर किती, ते आता सांगता यायचं नाही. पण बेल्ट गेल्यावर स्टार्टर मारणं म्हणजे वाकलेल्यावर पुन्हा घाव घालणं.” माझ्या “आणखी एकदां”चा हिशेब हा असा आला.

या पानांचे वाचक संसारी आहेत. अनेकांच्या दारीं आतां गाडी आहे, आणि ती बहुधा थोडी चालणारी, निगुतीनें ठेवलेली. त्यांच्यासाठीं त्या सकाळचा सारांश देतों. आपल्या गाडींत पट्टा आहे कीं साखळी, हें आजच पुस्तिकेंत किंवा जाणत्या मेकॅनिककडे पाहावें. पट्टा असेल तर किलोमीटर व वर्षें दोन्ही वाचावीं. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि पट्टा बदलल्याचा पुरावा नसेल, तर तो बदललेला नाहीं असेंच धरावें. पट्ट्याबरोबर टेन्शनर व पुल्या बदलाव्या. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही, कारण एक जुनी पुली अडकली तर नवा पट्टाही जातो. साखळी असेल तर तेलाच्या बाबतींत दिरंगाई करूं नये व सकाळच्या खडखडीकडे कानाडोळा करूं नये. आणि चालत्या गाडीचें इंजिन असें एकाएकीं गेलें व स्टार्टरवर हलकें फिरूं लागलें, तर पुन्हां स्टार्टर मारूं नये, गाडी ढकलून चालू करूं नये, कोणी वडील माणूस शेजारीं बसून सांगत असला तरी करूं नये.

आठ दिवसांनीं गाडी घरीं आली. जुना पट्टा मीं मागून घेतला आहे. तो टेबलाच्या खणांत ठेवला आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातवाच्या उंचीच्या खुणा पेन्सिलीनें केलेल्या आहेत. त्यांच्या शेजारीं मीं नवा पट्टा घातल्याची तारीख व किलोमीटरचा आंकडा लिहिला, आणि खालीं लिहिलें: सहा वर्षें. नातू तेव्हां अकरा वर्षांचा असेल व त्याची खूण बरीच वर गेलेली असेल. त्या वेळीं पट्टा बदलण्याची आठवण करावयास मी असेन वा नसेन. हा ‘वा’ मात्र मीं नीट वाचला आहे, म्हणून तर तारीख भिंतीवर लिहून ठेवली.